अश्मीभूत काष्ठाची मीमांसा : आक्वास्पार्ता ते मोहगाव कलान

अश्मीभूत काष्ठ म्हणजे दगड झालेले लाकूड, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. ती चुकीची नाही. परंतु तिच्यातील 'झालेले' या एका शब्दात तीन शतकांचा वाद साठविलेला आहे. लाकडाचा दगड होतो की दगडच लाकडासारखा दिसू लागतो, आणि दगड होत असेल तर लाकडातले काय जाते व काय उरते, हे प्रश्न निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने विचारले गेले. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी अभ्यासकांच्या हाती जे नमुने आले, ते बहुधा संग्राहकांनी आणलेले होते. आणि संग्राहकाला नमुना मोलाचा वाटतो तो त्याच्या रंगामुळे किंवा आकारामुळे. तो कोणत्या थरात, उभा की आडवा, कशाच्या सोबतीने पडला होता, ही गोष्ट पुष्कळदा नोंदविलीच जात नाही. या विषयाचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, काष्ठाचे स्वरूप त्याचा छेद घेतल्याने कळले. त्याचा काळ मात्र त्याच्या स्थानावाचून कधीच कळला नाही. या दोन ज्ञानांमधील अंतराचे सर्वांत बोधक उदाहरण दख्खनच्या काळ्या कातळात, नागपूर-छिंदवाडा भागात मिळते. तथापि तेथे पोचण्यापूर्वी युरोपातील काही प्रयत्न पाहणे अवश्य आहे, कारण ज्या साधनांनी हा भारतीय प्रश्न पुढे हाताळला गेला ती साधने तेथे घडली.

लोकसमजुतीने या वस्तूचा उलगडा आपल्या परीने केव्हाच केला होता. तमिळनाडूतील विळुपुरम् जिल्ह्यात तिरुवक्करै गावाजवळ वाळुकाश्मात मोठमोठे अश्मीभूत ओंडके पडलेले आहेत. देवाने मारलेल्या राक्षसाची ती हाडे होत, अशी तेथील कथा आहे. फ्रेंच निसर्गाभ्यासक सोनेरा याने १७८१ मध्ये या ओंडक्यांची नोंद केली. सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीच्या या खोडांना मुळे नाहीत आणि फांद्याही नाहीत. म्हणजे ती तेथे वाढली नसून पुराच्या पाण्याबरोबर वाहत येऊन गाळात रुतली असली पाहिजेत. राक्षसाच्या कथेला हसणे सोपे आहे. पण पांढरट, लांबट, तुटलेले आणि आत भेंडासारखी रचना असलेले हे तुकडे हाडांसारखे दिसतात हे निरीक्षण खोटे नाही. आणि मुळे व फांद्या नसलेली वस्तू म्हणजे झाड नव्हे, हा तर्क तर युरोपातील एका विद्वत्सभेनेही केला होता.

ती विद्वत्सभा म्हणजे रोमची 'लिंचेई' अकादमी. तिचा संस्थापक फेदेरिको चेझी याच्या उंब्रिया प्रांतातील जहागिरीत, आक्वास्पार्ता गावाच्या परिसरात, चिकणमातीत गाडलेले विचित्र लाकूड मिळत असे. काही तुकडे साध्या लाकडासारखे, काही दगडासारखे, काही अर्धे माती व अर्धे लाकूड अशा अवस्थेत होते. चेझीने ते वर्षानुवर्षे गोळा केले, जागेवर जाऊन पाहिले आणि चित्रकारांकडून त्यांची अनेक चित्रे काढून घेतली. वनस्पती आणि खनिज यांच्या मधला असा एक स्वतंत्र वर्ग निसर्गात असावा, अशा मतापर्यंत तो आला होता. १६३० मध्ये तो वारला. त्याचा सहकारी फ्रांचेस्को स्तेल्लूती याने १६३७ मध्ये या लाकडावर एक छोटा सचित्र प्रबंध प्रसिद्ध केला व त्यात निर्णय दिला की, हे लाकूड कोणत्याही झाडाच्या बीजापासून वा मुळापासून झालेले नाही. एका विशिष्ट चिकणमातीचेच हळूहळू लाकूड होते.

आज हा निर्णय उलटा वाटतो, आणि तो उलटाच आहे. परंतु तो निष्काळजीपणाने दिलेला नव्हता. स्तेल्लूतीपुढे माती, अर्धवट लाकूड आणि पूर्ण लाकूड अशी अखंड मालिका होती. मालिका दिसते, पण तिची दिशा दिसत नाही. माती लाकडाकडे जात आहे की लाकूड मातीकडे आणि दगडाकडे जात आहे, हे नुसत्या मांडणीवरून ठरत नाही. शिवाय त्या ठिकाणी पाने, फळे वा मुळे आढळली नव्हती. मातीतून सजीव उपजतात ही कल्पना त्या काळी सर्वमान्य होती. या संग्राहकांनी स्थळाची नोंद उत्तम ठेवली; उणीव होती ती नमुन्याच्या आत पाहण्याच्या साधनाची.

ते साधन अठ्ठावीस वर्षांनी लंडनमध्ये वापरले गेले. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये 'मायक्रोग्राफिया' प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रकरण अश्मीभूत काष्ठावर आहे. हूकच्या हाती एक तुकडा होता. ज्या खाणीतून वा शेतातून तो आला ती जागा त्याने पाहिलेली नव्हती. त्याने तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि शेजारी लोणारी कोळसा ठेवला. दोहोंतील बारीक छिद्रांची रचना सारखीच दिसली. कोळसा लाकडापासून होतो याविषयी कोणाला शंका नव्हती. तेव्हा तशीच छिद्रे असलेला दगडही लाकडापासूनच झाला असला पाहिजे, हा निष्कर्ष अटळ होता. दगड लाकडापेक्षा जड, कठीण आणि न जळणारा का, याचेही उत्तर हूकने दिले. खनिज कणांनी भरलेल्या पाण्यात लाकूड दीर्घकाळ भिजत राहिले, ते पाणी छिद्राछिद्रांत शिरले, आणि पाण्यातील कण तेथे गाळले जाऊन वा थिजून बसले, असे त्याचे म्हणणे होते. आजच्या शब्दांत यास अंतर्भरण म्हणता येईल. इतक्या तोकड्या सामग्रीवर इतके बरोबर अनुमान विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा केले गेलेले नाही. जागा पाहणारा चुकला आणि न पाहणारा बरोबर ठरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढील काळात नेमका उलट प्रसंगही येणार होता.

हूकचा सूक्ष्मदर्शक परावर्तित प्रकाशावर चालत होता. दगडाच्या पृष्ठभागावर जे दिसेल तेवढेच त्यात दिसे. त्यानंतर सुमारे दीड शतक या विषयात मोलाची भर पडली नाही. अठराव्या शतकात घासूनपुसून चकचकीत केलेले अश्मीभूत काष्ठ धनिकांच्या कपाटांत भरपूर जमा झाले, पण त्यापासून ज्ञान थोडेच वाढले.

कोंडी फुटली ती एडिंबरोत. विल्यम निकल या व्याख्यात्याचे नाव पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना १८२८ च्या त्याच्या लोलकामुळे परिचित आहे. त्याचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे असूनही कमी सांगितले जाते. अश्मीभूत काष्ठाची एक चकती कापावयाची, तिची एक बाजू घासून आरशासारखी सपाट करावयाची, ती बाजू कॅनडा बाल्समने काचपट्टीवर चिकटवावयाची आणि मग दुसरी बाजू घाशीत जावयाचे. इतके की, दगड पारदर्शक होऊन त्यातून प्रकाश जाऊ लागावा. या कृतीने लाकडाच्या पेशी, वाहिन्या, मज्जाकिरण आणि पेशींच्या भित्तींवरील खळगेही जणू ताज्या लाकडाचा छेद घ्यावा तसे दिसू लागले. लार्टिंग्टनच्या हेन्री विदॅमने १८३१ मध्ये अशा छेदांवर आधारलेले पुस्तक काढले व १८३३ मध्ये ते वाढवून पुन्हा प्रसिद्ध केले. दुसऱ्या पुस्तकात आपल्या कृतीचे श्रेय आपणास पुरेसे दिले गेले नाही, अशी निकलची उघड तक्रार होती. छेद घेणारे कारागीर, पैसा पुरविणारे सधन हौशी अभ्यासक आणि कल्पना देणारे शास्त्रज्ञ यांच्यात श्रेयाची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता.

विदॅमच्या छेदांनी एक रूढ समजूत मोडली. दगडी कोळशाच्या काळात नेचे व तत्सम वनस्पतीच काय त्या होत्या, असे मानले जाई. एडिंबरोजवळील क्रेगलीथच्या दगडखाणीत १८३० मध्ये सापडलेल्या सुमारे ४७ फूट लांबीच्या खोडाचा छेद घेतल्यावर आतली रचना सूचिपर्णी वृक्षांसारखी निघाली. तो वृक्ष आज खरा सूचिपर्णी न मानता बीजधारी नेच्यांच्या जवळचा मानला जातो. परंतु त्या काळात खरे लाकूड असलेले मोठे वृक्ष होते, ही विदॅमची मुख्य गोष्ट टिकली. निकलच्या कृतीचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी झाला. पुढे विल्यम विल्यम्सनकडून हे तंत्र शिकून हेन्री सॉर्बी याने १८४९ मध्ये खडकांचेच पातळ छेद घ्यावयास आरंभ केला, आणि सूक्ष्मदर्शकीय शिलाविज्ञान जन्मास आले. ज्या साधनावाचून आज भूविज्ञानाची एकही प्रयोगशाळा चालत नाही, ते साधन मुळात लाकूड पाहण्यासाठी घडविले गेले होते.

छेद काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे त्याच दशकात चार्ल्स डार्विनच्या बाबतीत दिसून आले. १८३५ मध्ये अँडीज ओलांडताना उस्पायाता रांगेत सुमारे ७,००० फूट उंचीवर त्याला उघड्या उतारावर उभे असलेले अश्मीभूत बुंधे दिसले. त्यांपैकी ११ सिलिकामय झालेले होते, आणि तीस ते चाळीस बुंध्यांच्या जागी पांढरे कॅल्साइट भरलेले होते. समुद्रकाठी वाढलेले हे वन समुद्रात बुडाले, गाळाखाली व लाव्हाखाली गाडले गेले आणि पुन्हा उचलले जाऊन पर्वतावर आले, हे त्याने स्तरांवरून ओळखले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन याने लाकूड पाहून ते सूचिपर्णी असल्याचे सांगितले. येथवर सारे ठीक झाले. परंतु डार्विनने हे स्तर टर्शरी काळातील मानले, आणि ते प्रत्यक्षात ट्रायासिक काळातील, म्हणजे कितीतरी कोटी वर्षांनी जुने आहेत. छेदाने कुळ सांगितले. वय सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर होते.

डार्विनच्याच संग्रहाची आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. १८३४ मध्ये त्याने चिलोए बेटावर गोळा केलेल्या लाकडाचा छेद व इतर अनेकांचे छेद जोसेफ हूकर याने १८४६ च्या सुमारास ब्रिटिश भूविज्ञान सर्वेक्षणात असताना लावून ठेवावयास घेतले. त्यांची रीतसर नोंद होण्यापूर्वीच तो हिमालयाच्या मोहिमेवर निघून गेला. २०११ मध्ये एका संशोधकाने कपाटाचा जुना खण उघडला तेव्हा नोंद न झालेल्या त्या ३१४ काचपट्ट्या हाती लागल्या. दीडशेहून अधिक वर्षे त्या संस्थेच्या आवारातच होत्या, आणि तरी हरवलेल्या होत्या.

आता अश्मीभवनाच्या क्रियेकडे वळणे योग्य होईल. हूकच्या मते खनिज छिद्रांत बसते. एकोणिसाव्या शतकात मात्र असे मत बळावले की, लाकडाचा कण न् कण निघून जातो व त्याच्या जागी सिलिकाचा कण येऊन बसतो. जर्मन अभ्यासक ग्यॉपर्ट याने १८३० नंतरच्या दशकात वनस्पतींचे तुकडे लोहक्षारांच्या द्रावणात भिजवून मग ते जाळले, तेव्हा मागे वनस्पतीच्या आकाराचा खनिज सांगाडा उरला. या प्रयोगानेही प्रतिस्थापनाच्या मताला आधार मिळाला असे समजले गेले. वस्तुतः त्या प्रयोगाने पेशींत व भित्तींत खनिज शिरू शकते एवढेच दाखविले होते. पुढे सिलिकामय काष्ठाचे छेद हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवून सिलिका विरघळविल्यावर पुष्कळदा सेंद्रिय द्रव्याचे नाजूक जाळे मागे राहते असे आढळले, आणि १९२७ मध्ये रूथ सेंट जॉन यांनी प्रतिस्थापन व अंतर्भरण या दोन कल्पनांची तुलना करून हा मुद्दा ठळकपणे मांडला. लाकूड सारेच गेले नव्हते. सिलिकाने ते आतून धरून ठेवले होते.

सिलिका येते कोठून, हा त्यापुढील प्रश्न होता. १९४० मध्ये के. जे. मुराता यांनी अमेरिकेतील अनेक क्षेत्रांचा विचार करून असे दाखविले की, सिलिकामय काष्ठ आणि ज्वालामुखीची राख यांची संगत फार वेळा आढळते. राखेतील काचेसारखे कण पाण्यात लवकर विघटित होतात व भूजलास सिलिका पुरवितात. हे पाणी लाकडात शिरल्यावर काय होते त्याची रासायनिक उपपत्ती लिओ आणि बार्गहूर्न यांनी १९७६ मध्ये दिली. पाण्यातील सिलिसिक आम्लाचे रेणू सेल्युलोज व लिग्निन यांच्या हायड्रॉक्सिल गटांना हायड्रोजन-बंधाने चिकटतात. मग ते एकमेकांस जोडले जाऊन पेशीभित्तीवर सिलिकाचा पातळ लेप चढतो. लाकूड जसजसे क्षीण होते तसतशी नवीन जागा मिळते व लेप जाड होतो. अशा रीतीने लाकूड स्वतःच आपल्या प्रतिकृतीचा साचा बनते. आरंभीचे सिलिका बहुधा ओपलच्या रूपात असते. कालांतराने त्याचे कॅल्सेडनी व क्वार्ट्झ होऊ शकते, जरी प्रत्येक नमुन्यात हाच क्रम असतो असे नाही. लोह व इतर धातूंच्या अल्प अंशांमुळे तांबडा, पिवळा, काळा असे रंग चढतात, आणि संग्राहकांना नेमका तोच भाग मोहवितो.

या क्रियेस लक्षावधी वर्षे लागतात, ही समजूत अजूनही पाठ्यपुस्तकांत आढळते. ती टाकून देण्याजोगी आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनात, ताटेयामा पर्वतावरील सिलिकायुक्त उष्ण झऱ्याच्या पाण्यात ठेवलेल्या लाकडात सात वर्षांच्या आत भरपूर सिलिका साचल्याचे दिसले. तर्कानेही हे पटण्यासारखे आहे. कोणत्याही अरण्यात पडलेला ओंडका काही वर्षांत कुजतो. बुरशी आणि किडे यांनी त्याचा भुगा करण्यापूर्वी सिलिका आत शिरले नाही, तर पेशींची रचना उरणारच नाही. ज्या नमुन्यात पेशी स्वच्छ दिसतात त्यात अश्मीभवनाचा आरंभ त्वरेने झाला होता, असेच मानावे लागते. दीर्घकाळ लागतो तो ओपलचे क्वार्ट्झ होण्यास. सारांश, नमुना पूर्ण दगड झालेला आहे यावरून तो किती जुना हे ठरत नाही.

या पार्श्वभूमीवर दख्खनचा प्रश्न पाहावा. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहिला नाही. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खोलगट जागी तळी साचली, काठावर झाडे वाढली, तळात गाळ व शिंपले बसले. पुढील प्रवाहाने ते सर्व झाकून टाकले. ताज्या बेसाल्टाच्या विघटनातून पाण्यात सिलिका भरपूर येत असल्याने या तळ्यांतील गाळ कित्येक ठिकाणी गारेसारखा कठीण चर्ट झाला आणि त्यात लाकूड, फळे, बिया, इतकेच नव्हे तर नाजूक फुलेही पेशींसह टिकली. लाव्हाथरांमधील हे पातळ स्तर म्हणजे भूविज्ञानातील 'आंतर-ट्रॅपी' स्तर होत. ते थोडे, तुटक आणि गोड्या पाण्यात झालेले आहेत. म्हणूनच सागरी जीवाश्मांवर उभारलेल्या कालगणनेशी त्यांची सांगड घालणे कठीण गेले.

सागरच्या पठारावरील अश्मीभूत ताडांची नोंद एच. एच. स्प्राय याने १८३३ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात केली. विल्यम स्लीमन यानेही त्या ताडांविषयी लिहिले आहे. परंतु या स्तरांचा पद्धतशीर संग्रह प्रथम नागपुरात झाला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून तेथे होते. त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळील टाकळी व इतर गावांच्या परिसरातून शिंपले, कीटक, फळे, बिया आणि लाकूड गोळा केले. १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. हिस्लॉप यांचे वैशिष्ट्य असे की, वस्तूबरोबर तिचा थरही ते नोंदवीत. हे स्तर टर्शरी काळाच्या आरंभीचे आहेत असे त्यांनी १८६० च्या निबंधात प्रतिपादिले. १८६३ मध्ये टाकळघाट येथील पुरातन शिलावर्तुळांच्या पाहणीहून परतताना ओढ्याच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने आज ओळखले जाते. भूविज्ञानातील त्यांचे काम मात्र त्या नावाइतके परिचित नाही.

भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाने हिस्लॉप यांचे मत स्वीकारले नाही. मेडलिकॉट व ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ च्या ग्रंथात दख्खन ट्रॅप मुख्यतः क्रिटेशस काळाच्या उत्तरार्धात घातले गेले. सर्वेक्षणाचा आधार स्थानाचा होता. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ येथील क्रिटेशस सागरी स्तर ट्रॅपच्या खाली आहेत, आणि सुरत-भडोच भागातील इओसीन स्तर झिजलेल्या ट्रॅपवर बसलेले आहेत. मधली झीज होण्यास बराच काळ लागला असला पाहिजे. या युक्तिवादाचा पगडा पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला.

बिरबल साहनी यांनी तो प्रश्न पुन्हा उघडला. केंब्रिजमध्ये सीवर्ड यांच्या हाताखाली तयार झालेले साहनी १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. अश्मीभूत काष्ठावर त्यांचे विशेष प्रभुत्व होते. तिरुवक्करैच्या काष्ठाचीही त्यांनी १९३१ मध्ये फेरतपासणी केली होती. १९३३ मध्ये के. पी. रोडे यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील आंतर-ट्रॅपी चर्टमधील फळांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत निपा या ताडवर्गीय वनस्पतीचे फळ होते. निपा आज सुंदरबनासारख्या खाड्यांच्या दलदलीत वाढते. आणि लंडनच्या इओसीन चिकणमातीत तिची फळे विपुल मिळतात. ज्या वर्षी रोडे यांची टिप्पणी निघाली त्याच वर्षी रीड आणि चँडलर यांचा लंडन-चिकणमातीच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ प्रकाशित झाला, हा योगायोग साहनींच्या पथ्यावर पडला. १९३४ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दख्खन ट्रॅप क्रिटेशस की टर्शरी, असा सरळ प्रश्न विचारला आणि उत्तर टर्शरीच्या बाजूने दिले. निपा, ताडांचे प्राचुर्य आणि पुढे सौसरच्या चर्टमध्ये सापडलेले अझोला हे पाणनेचे यांचा दाखला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. हिस्लॉप यांचे मत जणू सत्तर वर्षांनी पुन्हा उभे राहिले.

साहनींच्या युक्तिवादाचे बळ आणि त्याची दुर्बलता एकाच ठिकाणी होती. अश्मीभूत वनस्पतींची ओळख पटविण्यात भारतात त्यांची बरोबरी करणारा कोणी नव्हता. परंतु एखाद्या वनस्पतीचे दुसऱ्या देशातील इओसीन वनस्पतीशी साम्य आहे, यावरून ती इओसीन ठरत नाही. ती वनस्पती त्याआधी कोठे नव्हती, हेही दाखवावे लागते. ताडांच्या लाकडाच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट होते. अश्मीभूत ताडखोडांना 'पामॉक्सिलॉन' हे सोयीचे नाव दिले जाते. ताडाच्या एकाच खोडात बुंधा व शेंडा, तसेच कड व गाभा यांची रचना इतकी निराळी असते की, एका झाडाच्या तुकड्यांना अनेक जातींची नावे मिळू शकतात. पुणे विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस जिवंत ताडांच्या खोडांशी तुलना करून या कृत्रिम प्रजातीची उकल करण्याचा मार्ग सुचविला. ज्या प्रजातीतील जातींची संख्याच संशयास्पद, तिच्या आधारे कालनिर्णय करणे धोक्याचे होते. साहनी हे जाणत नव्हते असे म्हणता येणार नाही. निपाच्या फळावर त्यांनी दिलेला भर पाहता ते चांगले जाणत होते.

१९४९ च्या ३ एप्रिल रोजी लखनौत पुरावनस्पतिविज्ञान संस्थेच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसविली गेली. त्या कोनशिलेत ७७ जीवाश्म जडविलेले आहेत. एका आठवड्याने, १० एप्रिलला, साहनी निवर्तले. दख्खनचा प्रश्न त्यांच्या हयातीत मिटला नाही. मोहगाव कलानच्या चर्टवरील काम कृ. रा. सुरंगे यांनी लखनौत, आणि व्ही. बी. शुक्ल व श्या चितळे यांनी नागपुरात पुढे चालविले, व त्यातून फुले, फळे आणि खोडे यांचे अत्यंत तपशीलवार वर्णन जमा होत गेले.

निर्णय आला तो दुसऱ्या बाजूने. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत किरणोत्सर्गी मापन व पुराचुंबकीय अभ्यास यांनी असे ठरविले की, दख्खनच्या लाव्हाचा मुख्य भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, क्रिटेशस व टर्शरी यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना, भूवैज्ञानिक दृष्टीने अल्पावधीत बाहेर पडला. म्हणजे क्रिटेशस की टर्शरी, या प्रश्नाची मांडणीच सर्व आंतर-ट्रॅपी स्तरांना एकत्र घेऊन करणे चूक होते. काही स्तर सीमेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. प्रत्येक गावाच्या चर्टचा विचार स्वतंत्रपणे करणे प्राप्त झाले, आणि त्यासाठी प्रत्येक तुकडा कोणत्या थरातला हे माहीत असणे अपरिहार्य ठरले. खुद्द मोहगाव कलानच्या बाबतीत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९७ मध्ये त्या स्तरातून अक्विलापोलेनाइटिस या परागकणांचा समूह नोंदविला. पंखांसारखे उंचवटे असलेला हा परागकण मुख्यतः क्रिटेशसच्या अंतिम काळाचा निदर्शक आहे. निपाचे परागकणही जगात अन्यत्र क्रिटेशसच्या अखेरीस आढळू लागतात, हे दरम्यान स्पष्ट झाले होते. ज्या स्थळावर साहनींच्या टर्शरी मताची मुख्य भिस्त होती, त्याच स्थळाचा कौल असा विरुद्ध गेला. मोहगावचा प्रत्येक वनस्पती-अवशेष त्यांनी बरोबर ओळखला होता असे जरी धरले, तरी त्यावरून काळ निघत नव्हता.

येथे संग्रहाच्या व्यावहारिक बाजूचा विचार ओघाने येतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे रंगीत ओंडके मैलोगणती पसरलेले आहेत. रेल्वे आल्यावर ते गाडीगाडीने नेले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर ते कुटून घासण्याची पूड करण्यासाठी गिरणीही उभारली गेली. लेस्टर वॉर्ड यांनी १८९९ मध्ये पाहणी करून संरक्षणाची शिफारस केली, व १९०६ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या क्षेत्रास राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिले. १९६२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच वर्षी तेथील काँग्रेसने केलेल्या कायद्याला अनुसरून अन्य सार्वजनिक जमिनींवर हौशी संग्राहकास दिवसाला २५ पौंड व आणखी एक तुकडा, आणि वर्षाला २५० पौंडांपर्यंत अश्मीभूत काष्ठ उचलण्याची मुभा मिळाली. वजनाची ही मर्यादा लुटीला आळा घालते. थराची नोंद ठेवण्याविषयी मात्र ती काहीच विचारीत नाही.

भारतात तिरुवक्करै व जैसलमेरजवळील आकल येथील अश्मीभूत काष्ठ संरक्षित आहे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान करण्यात आले. मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यात घुघुवा येथे १९८३ पासून अवघ्या ०.२७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. दख्खन ट्रॅपच्या काळातील वनस्पती तेथे पाहावयास मिळतात. सत्तरच्या दशकात तेथील काष्ठाकडे लक्ष वेधले ते मंडला जिल्ह्याच्या एका सांख्यिकी अधिकाऱ्याने. नागपूर-छिंदवाडा पट्ट्यातील कित्येक आंतर-ट्रॅपी जागांना असे कुंपण नाही. त्या शेतांच्या बांधांत, विहिरींच्या उकरलेल्या ढिगांत आणि नाल्यांच्या काठी उघड्या पडलेल्या आहेत. नांगराच्या फाळाला लागलेली चर्टची ढेकळे शेतकरी बांधावर रचतो. बांधावरच्या अशा ढेकळाचा छेद उत्तम येतो, पेशीही स्वच्छ दिसतात. परंतु ते शेताच्या कोणत्या अंगाने, कोणत्या लाव्हाप्रवाहाच्या वरून किंवा खालून निघाले, हे त्या शेतकऱ्यालाच विचारावे लागते.